लंडनमधील पानगृहांची फेरी

लंडन शहरांत सायंकाळीं चार-पांच मित्र एकत्र जमतात, एका पानगृहांत घटकाभर बसतात, तेथून उठून दुसऱ्यांत जातात, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत; आणि अशा रीतीनें रात्र होईपर्यंत पायीं हिंडत राहतात. या प्रकाराला तिकडे 'पब-क्रॉल' असें म्हणतात. 'क्रॉल' म्हणजे रांगणें. आरंभीं ताठ चालणारा मनुष्य फेरीच्या अखेरीस कसा चालतो, याची सूचना या नांवांतच आहे. आणि हें नांव इंग्रजांनीं स्वतःच स्वतःच्या चालण्याला ठेवलेलें आहे, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

मराठी श्रोत्याला हा विषय ऐकून प्रथम नवल वाटेल. महाराष्ट्रांत दारूचा गुत्ता म्हटला कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो उद्ध्वस्त संसार. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. मानभंगानें व्यथित झालेल्या सुधाकराच्या हातीं तळीराम पहिला प्याला देतो, आणि तेथून घराची राखरांगोळी होते. तळीरामाचें 'आर्यमदिरामंडळ' हें तरी काय आहे? तेंही मित्रमंडळच. प्याला एकट्यानें उचलणें कठीण. तो मित्राच्या आग्रहानें उचलला जातो, ही गोष्ट गडकऱ्यांनीं अचूक ओळखली होती.

परंतु आज पुणें, मुंबई, नागपूर येथून कित्येक तरुण विद्येसाठीं आणि नोकरीसाठीं लंडनला जातात. पहिल्याच महिन्यांत सहकारी त्यांना पबमध्यें चलण्याचें आमंत्रण देतात. नाहीं म्हणावें, तर मनुष्य एकाकी पडतो. हो म्हणावें, तर कोठें थांबावें हें कळत नाहीं. अशा तरुणाला निंदेचाही उपयोग नाहीं आणि स्तुतीचाही नाहीं. त्याला उपयोग आहे तो आंखणीचा. म्हणून अशी फेरी शहाण्या मनुष्यानें कशी आंखावी, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम पब म्हणजे काय तें पाहूं. 'पब' हा 'पब्लिक हाउस' या शब्दांचा संक्षेप होय. सर्वांसाठीं उघडें असलेलें घर, असा त्याचा अर्थ. यांतील 'घर' हा शब्द महत्त्वाचा आहे. लंडनच्या कष्टकऱ्याची खोली अरुंद आणि थंड असे. पबमध्यें शेगडी पेटलेली असे, दिवा असे, आणि चार शेजारी भेटत. पबच्या दारावर चित्राची पाटी टांगण्याची चालही जुनी आहे. राजा दुसरा रिचर्ड याच्या कारकीर्दींत, १३९३ मध्यें, मद्य विकणाऱ्यांनीं दारावर खूण लावलीच पाहिजे असा नियम झाला. त्या काळीं वाचतां येणारे लोक थोडे. म्हणून हरीण, कोंकरूं, घंटा, जहाज अशीं चित्रें रंगविलीं गेलीं. त्या चित्रांचींच पुढें नांवें झालीं, आणि आजही लंडनमध्यें वाट सांगतांना लोक पबच्या नांवाची खूण सांगतात.

मद्यानें होणारा नाश इंग्रजांना ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. अठराव्या शतकांत स्वस्त जिन या दारूनें लंडनच्या गरीब वस्त्यांत कहर केला होता. चित्रकार विल्यम होगार्थ यानें १७५१ सालीं दोन चित्रें प्रसिद्ध केलीं. एकांत जिनच्या गल्लीचें भयाण दृश्य. आईच्या हातून मूल कठड्यावरून खालीं पडत आहे. दुसऱ्यांत बिअरच्या रस्त्यावरील धष्टपुष्ट, कामसू माणसें. त्याच वर्षीं जिनच्या विक्रीवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. एकाच शहराचीं हीं दोन तोंडें. आणि फेरीची आंखणी करणाऱ्यानें दोन्ही चित्रें मनांत ठेविलीं पाहिजेत.

आतां आंखणीकडे वळूं. समजा, चार मित्र आहेत. त्यांपैकीं एक उतावळा आहे, एक हिशेबी आहे, एक अबोल आहे, आणि चौथा मद्य घेत नाहीं. अशी चौकडी कोणत्याही शहरांत सांपडते. त्यांनीं प्रथम निश्चित करावयाची गोष्ट म्हणजे पबांची संख्या. आणि येथेंच उतावळ्या मित्राशीं गांठ पडते.

उतावळ्या मित्राच्या मनांत मोठमोठ्या योजना असतात. आपल्याकडील मुलें 'व्यापार' नांवाचा जो खेळ खेळतात, त्याच जातीचा 'मोनॉपली' हा खेळ. त्याची लंडनच्या रस्त्यांचीं नांवें असलेली आवृत्ति १९३६ सालीं निघाली. तिच्या पटावर बावीस रस्ते आणि चार रेल्वे-स्टेशनें आहेत. या सव्वीसही ठिकाणीं एकेका पबमध्यें जावयाचें, अशी एक प्रसिद्ध फेरी आहे. त्यांतील ओल्ड केंट रोड हा एकच रस्ता थेम्सच्या दक्षिणेस आहे. बाकीचे सर्व नदीच्या उत्तरेस, शहरभर पसरलेले. दुसरी प्रसिद्ध फेरी भुयारी रेल्वेच्या सर्कल लाइनची. २००९ सालीं तो मार्ग बदलेपर्यंत त्या वर्तुळावर सत्तावीस स्टेशनें होतीं, आणि प्रत्येक स्टेशनाबाहेर उतरून एक पब गांठावयाचा असा संकेत होता.

हिशेबी मित्रानें येथें पाटी-पेन्सिल घ्यावी. इंग्लंडांत बिअर पाइंटनें मोजतात. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. बिअरमध्यें मद्यार्क शेंकडा चार असेल, तर एका पाइंटांत सुमारें २३ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. तिकडील वैद्यक खातें १० मिलिलिटर मद्यार्काला एक 'युनिट' म्हणतें. म्हणजे एक पाइंट सुमारें सव्वादोन युनिट झाला. ब्रिटनमधील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं २०१६ सालीं असा सल्ला दिला कीं, पुरुष असो वा स्त्री, आठवड्यांत नियमितपणें चौदा युनिटांहून अधिक घेऊं नये. आणि तितकें घ्यावयाचें असेल, तर तें तीन किंवा अधिक दिवसांत वांटून घ्यावें. आतां गुणाकार करावा. सहा पाइंट म्हणजे जवळजवळ चौदा युनिट; एका रात्रींत सबंध आठवड्याचा शिधा संपला. सव्वीस ठिकाणीं केवळ अर्धा-अर्धा पाइंट घेतला, तरी तेरा पाइंट होतात. म्हणजे सुमारें तीस युनिट, दोन आठवड्यांहून अधिक. अति तेथें माती, ही म्हण मराठींत असली तरी तिचा हिशेब लंडनमध्येंही चुकत नाहीं.

शिवाय सर्व बिअर सारखी नसते. 'इंडिया पेल एल' या नांवाची बिअर आज लंडनच्या बहुतेक पबांत मिळते. या नांवांत हिंदुस्थान आला तो व्यापारामुळें. पूर्व लंडनमधील बो येथील हॉजसन यांच्या कारखान्याची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इकडे येत असे, आणि येथील गोऱ्या अंमलदारांच्या मेजावर ती मांडली जाई. त्या नांवानें आज विकल्या जाणाऱ्या कांहीं बिअरमध्यें मद्यार्क शेंकडा सहा-सात असतो. आपल्या देशाचें नांव पाहून ममत्वानें पेला उचलणाऱ्या तरुणानें नळावरील आंकडा आधीं वाचावा.

यकृत एका तासांत साधारणपणें एकच युनिट निकालांत काढतें. थंड पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, मोकळी हवा यांपैकीं कशानेंही त्याची गति वाढत नाहीं. तेव्हां रात्रीं अकराला चार पाइंट पोटांत घेऊन निजलेला मनुष्य सकाळीं कामावर जातांना पूर्ण शुद्धीवर असतोच असें नाहीं.

यावरून संख्या ठरते. चार मित्रांना चार पब पुरेत, आणि प्रत्येक ठिकाणीं अर्धा पाइंट पुरे. सगळे मिळून साडेचार युनिट होतात. उतावळ्या मित्राला हें कंजूषपणाचें वाटेल. परंतु त्याला पाहावयाचें काय आहे, पेल्याचा तळ कीं लंडन शहर, हें त्यालाच विचारावें.

शहरच पाहावयाचें असेल, तर वाट निवडणें हें या आंखणींतील सर्वांत आनंदाचें काम होय. पहिला मुक्काम थेम्सच्या दक्षिणेस, सदर्कमधील 'जॉर्ज' हा असावा. चॉसरच्या काव्यांतील यात्रेकरू ज्या 'टॅबर्ड' नांवाच्या धर्मशाळेंतून कँटरबरीस निघाले, ती येथून जवळच होती. एकोणिसाव्या शतकांत ती पाडली गेली. 'जॉर्ज' मात्र टिकला. १६७६ च्या आगींत जुनी इमारत जळाल्यावर पुढच्या वर्षीं ती पुन्हां उभी राहिली. लांकडी सज्जे असलेला, घोड्यांच्या टपालगाड्यांच्या काळचा असा हा लंडनमधील एकच पथिकाश्रम उरला आहे. पूर्वीं चौकाच्या अनेक बाजूंना सज्जे होते. रेल्वे कंपनीनें गुदामांसाठीं दोन बाजू पाडल्या, आणि आज एकच बाजू शिल्लक आहे. १९३७ पासून ही वास्तु नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे. जी कंपनी पाडते आणि जी संस्था राखते, त्यांच्यामध्यें उरलेल्या एका भिंतीपाशीं बसून फेरीस आरंभ करावा.

तेथून सदर्क स्ट्रीटनें चालत जाऊन ब्लॅकफ्रायर्सचा पूल ओलांडावा. पुलावर थोडें थांबून उजवीकडे सेंट पॉलच्या देवळाचा घुमट पाहावा. जून महिन्यांत तेथें रात्रीं नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. त्यामुळें सायंकाळची ही वाट उजेडांतच कापली जाते. पूल उतरतांच 'ब्लॅकफ्रायर' हा पाचरीसारख्या आकाराचा पब लागतो. काळा झगा घालणाऱ्या डॉमिनिकन संन्याशांचा मठ पूर्वीं या भागांत होता. राजा आठवा हेन्री याच्या काळीं, १५३८ मध्यें, तो मोडला. या पबच्या भिंतींवर १९०५ नंतर संगमरवर आणि तांबें यांत त्या संन्याशांचीं विनोदी चित्रें कोरलीं गेलीं. कोणी मासे धरीत आहे, कोणी गात आहे. १९६० च्या दशकांत ही इमारत पाडण्याचा घाट घातला गेला होता. कवि जॉन बेट्जमन प्रभृतींनीं चळवळ करून ती वांचविली. आंत भिंतीवर छोटीं वचनें कोरलेलीं आहेत. त्यांतील एकाचा अर्थ, घाई म्हणजेच दिरंगाई. उतावळ्या मित्राला या वचनाच्या खालीं बसवावें.

तिसरा मुक्काम फ्लीट स्ट्रीटवर, दहा मिनिटांच्या अंतरावर. 'चेशायर चीज' हा पब १६६६ च्या महाअग्नीनंतर, १६६७ मध्यें, पुन्हां बांधला गेला. गल्लींतून आंत शिरावें लागतें. खोल्या काळोख्या, छत ठेंगणें. जवळच गफ स्क्वेअरमध्यें डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचें घर जतन करून ठेविलें आहे. १७५५ सालीं प्रसिद्ध झालेला इंग्रजी भाषेचा कोश त्यांनीं त्याच घरांत रचला. ते या पबमध्यें येत असत अशी परंपरा सांगते. त्यांना पानगृहांतील मैफलींची अत्यंत आवड होती, हें मात्र निर्विवाद आहे; आणि याच जॉन्सननीं आयुष्यांतील कित्येक वर्षें मद्य संपूर्ण वर्ज्य केलें होतें, हेंही तितकेंच निर्विवाद आहे. ते मित्रांत बसत, वाद करीत, हंसत, आणि चहावर तहान भागवीत. चौथ्या मित्रानें हें उदाहरण पाठ करून ठेवावें.

शेवटचा मुक्काम कॉव्हेंट गार्डनजवळील 'लॅम्ब अँड फ्लॅग'. त्याच्या शेजारच्या रोझ स्ट्रीटवर १६७९ च्या डिसेंबरांत कवि जॉन ड्रायडन यांना गुंडांनीं बेदम मारलें. आज ती गल्ली शांत आहे. ही सर्व वाट दोन मैलांहून थोडी अधिक भरते. प्रत्येक दोन पबांमध्यें पायांना काम आणि डोक्याला वारा मिळतो, हा पायीं फिरण्याचा खरा लाभ होय.

वार निवडतांना काळजी घ्यावी. जुन्या सिटी भागांत कचेऱ्यांची वस्ती. म्हणून तेथील कित्येक पब शनिवार-रविवारीं बंद असतात, आणि गुरुवार-शुक्रवारीं सायंकाळीं त्यांत पाय ठेवावयास जागा नसते. मंगळवार-बुधवार बरे. उपाशीं पोटीं निघूं नये. जेवण तिसऱ्या मुक्कामावर घ्यावें, व स्वयंपाकघर कितीला बंद होतें हें आधीं विचारून ठेवावें. पबमध्यें वाढपी मेजापाशीं येईल म्हणून वाट पाहत बसूं नये. स्वतः उठून फळीपाशीं जावें, सांगावें, आणि पैसे तेथल्या तेथें द्यावे. रात्रीं शेवटची घंटा वाजली कीं नवी मागणी बंद होते. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दुपारीं पब बंद ठेवण्याचा नियम होता. तो १९८८ च्या कायद्यानें सैल झाला. २००५ पासून प्रत्येक पबची वेळ त्याच्या परवान्याप्रमाणें निराळी असते. तरीही पुष्कळ पब अकराच्या सुमारास मिटतात. परतण्याची वाट आरंभींच ठरवावी. लंडनच्या बसमध्यें २०१४ पासून रोख पैसे चालत नाहींत, आणि भुयारी रेल्वे रात्रभर चालते ती केवळ शुक्रवार-शनिवारीं, तीही कांहींच मार्गांवर. मोटार तर घरींच ठेवावी.

हें सर्व झालें तरी आंखणीचें मर्म अजून राहिलेंच आहे. तें म्हणजे 'राउंड' अथवा पाळी. पबमध्यें प्रत्येकजण आपापला पेला आणीत नाहीं. एकजण सर्वांसाठीं आणतो, मग दुसरा सर्वांसाठीं, मग तिसरा. चहाच्या दुकानांत पैसे देण्यासाठीं होणारी ओढाताण मराठी माणसाला ठाऊक आहे. ती टाळण्याची ही इंग्रजी युक्ति. परंतु या युक्तींत एक पेंच आहे. सहा मित्र असले कीं सहा पाळ्या होतात, आणि कोणाचीही इच्छा नसतां सहा पेले प्रत्येकाच्या पुढें येतात. दुसऱ्याचें घेतलें आणि स्वतःची पाळी येण्यापूर्वीं उठलें, तर मनुष्य फुकट्या ठरतो. म्हणून तो बसतो, आणि बसला म्हणून पितो. सर्वांत जलद पिणाऱ्याचा पेला रिकामा झाला कीं नवी पाळी निघते. अबोल मित्राचा पेला अर्धा भरलेलाच असतो आणि त्याच्या शेजारीं दुसरा येऊन उभा राहतो. तो कांहीं बोलत नाहीं. अबोल माणसें अशीच बुडतात.

या पाळीचें सामर्थ्य सरकारनेंही ओळखलें होतें. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, दुसऱ्यासाठीं मद्य विकत घेण्यास लंडनमध्यें व इतर अनेक भागांत कायद्यानें बंदी करण्यांत आली. जेवणाबरोबर दिलें तर चाले, एरव्हीं नाहीं. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार स्वतःच्या तहानेपेक्षां मित्रांच्या आग्रहानें अधिक पितात, असें अधिकाऱ्यांचें मत झालें होतें. ती बंदी १९१९ मध्यें उठली. आजच्या कायद्यांतही एक कलम ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. २००३ च्या परवाना-कायद्याप्रमाणें झिंगलेल्या मनुष्याला जाणूनबुजून मद्य विकणें हा जसा गुन्हा आहे, तसेंच त्या मनुष्यासाठीं दुसऱ्यानें तें घेऊन देणें हाही गुन्हा आहे. म्हणजे मित्राचा शेवटचा आग्रह कायद्याच्याही नजरेंतून सुटलेला नाहीं.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वीं प्रत्येकानें सारखी वर्गणी काढून हिशेबी मित्राजवळ द्यावी, आणि प्रत्येकाला हवें तें त्या पैशांतून आणावें. कोणी अर्धा पाइंट घेईल, कोणी लिंबू-सोडा, कोणी नुसतें पाणी. चौथ्या मित्राची वर्गणी थोडी कमी असावी, आणि ती कमी आहे याची चर्चा होऊं नये. पाळी उरली नाहीं कीं ऋण उरत नाहीं, आणि ऋण उरलें नाहीं कीं कोणालाही कोणत्याही दारापाशीं 'आतां पुरे' म्हणून घरीं जातां येतें. चालण्याचा वेग जसा सर्वांत हळू चालणाऱ्यानें ठरवावा, तसा बसण्याचाही वेग सर्वांत हळू पिणाऱ्यानें ठरवावा.

जॉर्ज ऑर्वेल या लेखकाचा जन्म १९०३ सालीं बिहारमधील मोतीहारी येथें झाला. त्यानें १९४६ मध्यें आपल्या मनांतील आदर्श पबवर एक निबंध लिहिला, आणि असा पब प्रत्यक्षांत कोठेंच नाहीं असें शेवटीं सांगून टाकलें. त्या पबच्या गुणांत त्यानें पहिला मान बिअरला दिलेला नाहीं. तेथील वातावरणाला दिला आहे. शांतपणें बोलतां यावें, ओळखीचे चेहरे दिसावे, सेवकांनीं नांवानें हांक मारावी, हें त्याला हवें होतें. लंडनमध्यें गेल्या कांहीं दशकांत अनेक पब बंद पडले, आणि त्यांबद्दल हळहळणारे लोकही बिअरसाठीं हळहळत नाहींत. बिअर बाटलींतून घरींही मिळते. ते हळहळतात त्या बांकासाठीं, जेथें बोलावणें न पाठवितां मित्र भेटत असे.

तळीरामाच्या मंडळांत आणि या चार मित्रांत भेद आहे तो येथेंच. तळीरामाच्या मंडळांत प्याला न घेणाऱ्याला स्थान नव्हतें. ज्या फेरींत लिंबू-सोडा घेणारा चौथा मित्र शेवटच्या दारापर्यंत सुखानें बरोबर असतो, आणि अबोल मित्र दुसऱ्याच दारापाशीं निरोप घेऊन गेला तरी दुसऱ्या दिवशीं त्याला कोणी टोमणा मारीत नाहीं, ती फेरी नीट आंखलेली समजावी. नव्या शहरांत गेलेल्या तरुणानें पहिलें आमंत्रण आलें कीं किती ठिकाणीं जावयाचें हें विचारूं नये. त्या मंडळींत 'नको' म्हणणाऱ्याला कसें वागवितात, तेवढें पाहावें, आणि मग जोडे घालावे.